आजी ठरवणार

सोमवार, ३ तारीख

आई,

आई लिहू का सासूबाई लिहू ते कळेना, म्हणून टेलरमावशीला विचारलं. ती आमच्या शेजारच्या खोलीत राहते, ब्लाउज शिवते आणि सगळ्या जगाला सल्ले देते. ती म्हणाली, वडीलधाऱ्या माणसाला पत्र लिहायचं तर आधी साष्टांग नमस्कार घालायचा. पण साष्टांग म्हणजे जमिनीवर आडवं पडायचं ना? माझा एक हात बाळाखाली आहे, दुसऱ्यात पेन. आडवी पडले तर ही उठेल, आणि ही उठली की पत्र संपलं. तेव्हा नमस्कार उभ्यानंच केला असं समजून घ्या.

मी तुमची सून. आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. आमचं लग्न तुम्हाला कळलं ते कागदावरून, लग्नाचं रजिस्टर नोंदणी ऑफिसात तुमच्या टेबलावर शिक्क्याला आलं तेव्हा. यांना वाटलं होतं लग्नाचे कागद वरच्या मजल्यावरच राहतात. ते खाली तुमच्या जन्मदाखल्याच्या खिडकीत उतरतात हे यांना काय ठाऊक? तुम्ही शिक्का मारलात आणि त्या दिवसापासून तुमचं तोंड बंद. यांचंही बंद. दोन वर्षं झाली.

हे कुलपांचं काम करतात ते तुम्हाला माहीतच आहे. किल्ली हरवू दे, तुटू दे, कुणाचंही दार पाच मिनिटांत उघडून देतात. तुमच्या दाराला तेवढा हात लावत नाहीत. म्हणतात, ती आधी विचारपूस करेल, मग मी जाईन. आणि तुम्ही म्हणता म्हणे, तो आधी वाकेल, मग मी बोलेन. आडनाव दंडवते, आणि वाकायला घरात कुणी तयार नाही! रागावू नका, हे टेलरमावशी म्हणाली.

आता कामाचं. आम्हाला मुलगी झाली. तीन महिन्यांची होईल आता. वजन बरं आहे, उचकी फार लागते. तिला नाव नाही. दवाखान्यातून आणलेल्या कागदावर नुसतं ‘दंडवते यांची मुलगी’ लिहिलंय. तुमच्याकडे नाव घरातलं मोठं माणूस ठेवतं आणि ते नमस्काराचंच असतं, एवढं मला कळलंय. नणंदबाई वंदना. दीर स्वागत. (ते दारात पाहुणा दिसला की मागच्या दारानं निघून जातात असं हे सांगतात, खरं खोटं तुम्हाला माहीत.) आणि हे प्रणाम. यांना आपल्या नावाचा भारी राग आहे. शाळेत पोरं मैदानात ‘प्रणाम!’ म्हणून ओरडली की हेडमास्तर लांबून मान हलवायचे आणि ‘शाबास’ म्हणायचे. कुणी हाक मारतंय का मान देतंय हे आयुष्यभर कळलं नाही, म्हणतात. म्हणून मुलीचं नाव साधं ठेवायचं. पण साधं म्हणजे कुठलं, ते तीन महिन्यांत ठरेना.

मी म्हटलं, आईंना विचारू. तर मिशीवर हात फिरवून म्हणाले, ‘विचार. तिचं उत्तर आलं तर मिशी उतरवीन.’

मला घाई आहे म्हणून लिहितेय. मी शर्टाच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर आहे. एक तारखेला कामावर रुजू व्हायचंय. तिथं पाळणाघर आहे, पण दाखल्यावर नाव असल्याशिवाय मूल घेत नाहीत. मुकादमबाई म्हणाली, ‘बिननावाचं पोर मी कुठल्या खाटेवर लिहू?’ एक तारखेला आले नाही तर माझं मशीन दुसरीला देणार. मला माझी आई नाही. हिला ठेवायला दुसरं कुणी नाही.

एक नाव कळवा. तुमची खुशाली कळवा.

तुमची सून

शुक्रवार, ७ तारीख

आई,

उत्तर नाही आलं. मावशी म्हणते चारच दिवस झालेत, पोस्टाला पण पाय असतात.

माझ्या ओळखीची एक बाई आहे. ती काल तुमच्या ऑफिसात गेली होती, तिच्या बाळाच्या दाखल्याला. तिनं सांगितलं ते लिहिते. तुमच्या खिडकीला म्हणे जाड काच आहे आणि बोलायला, कागद सरकवायला खाली एक वीतभर भोक. ते कुणी बुटक्यानं केलंय की काय, कमरेएवढं आहे. त्यामुळे येईल तो माणूस तुमच्यापुढे वाकतो. सूटबूटवाला वाकला, दुधवाला वाकला, एक पोटुशी बाई होती तिला वाकता येईना तर तिचा नवरा वाकला. आणि तुम्ही मान वर करत नाही. तुम्हाला फक्त हात दिसतात. कुणी ‘नमस्कार बाई’ म्हणालं की तुम्ही म्हणता, ‘फॉर्म.’ कुणी ‘कशा आहात?’ म्हणालं की तुम्ही म्हणता, ‘दोन प्रती.’

माझ्या ओळखीच्या बाईला खिडक्यांची भीती वाटते. पोस्टाची असो, दवाखान्याची असो. तिनं घाईघाईनं फॉर्म आत सरकवला तर त्याच्याबरोबर बाळाचा मोजा पण आत गेला. तुम्ही तो पट्टीनं उचलून बाहेर ढकललात. फॉर्म जरा वेळ हातात धरलात म्हणे, मग पाणी मागितलंत, मग लाल पेनानं शेरा मारून परत दिलात. ‘बालकाचे नाव रिकामे. पूर्तता करून पुन्हा सादर करावे.’

त्या बाईनं चौथीतच शाळा सोडली, पण फॉर्म तिचा तिनं भरला होता. अक्षर वाकडं असेल तर रागावू नका. तिचंही बाळ तीन महिन्यांचंच आहे. कसं असतं ना एकेक.

नावाचं लवकर कळवा. खुशाली कळवा.

तुमची सून

बुधवार, १२ तारीख

आई,

ती ओळखीची बाई काल परत गेली होती.

तिला वाटलं, रिकामी जागा चालत नाही तर खरं काय ते लिहावं. घरातलं माणूस नाव देणार आहे, अजून दिलं नाही, यात लपवायचं काय? म्हणून तिनं नावाच्या चौकटीत लिहिलं, ‘आजी ठरवणार’. नीट बसवून लिहिलं, एक अक्षरही चौकटीबाहेर गेलं नाही. यावेळी मोजा खिशात ठेवला होता.

तुम्ही वाचलंत. मग परत वाचलंत. मग रुमाल तोंडाला लावून खोकलात बराच वेळ. तब्येत बरी आहे ना? आणि लाल पेनानं लिहिलंत, ‘आजी ठरवणार हे नाव ग्राह्य नाही. बालकास समक्ष आणावे.’

ते वाचून फॉर्म माझ्या पदराच्या टोकाला घट्ट बांधला. म्हणजे तिच्या. बाळाला कशाला आणायचं? काही चुकलं का? आमच्या पुढे, म्हणजे तिच्या पुढे, एक माणूस होता, त्यानं जुळी नोंदवली. त्याला एकसुद्धा आणायला सांगितलं नाही. मावशी म्हणते, सरकारला शंका आली असेल की मूल आहेच की नाही, लोक खोटी मुलं पण नोंदवतात. आता मला झोप नाही. ही नीट बघून घेतली आणि ऑफिसच्या पसंतीस नाही उतरली तर? हिच्या डोक्यावर मागे केस नाहीत, घासून गेलेत. ते दाखल्याला चालतं का?

तुम्ही तिथंच बसता, तुम्हाला नियम माहीत. त्या बाईसाठी विचारते.

तुमची सून

बुधवार, १९ तारीख

आई,

आता ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं. ती ओळखीची बाई मीच.

काल हिला घेऊन आले होते. पिवळ्या दुपट्यात होती ती. तुम्ही म्हणालात, ‘भोकाजवळ धरा.’ मी धरली. तुम्ही मान वर केलीत. रांगेतल्या माणसांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं, इतकी ती वर गेली. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. हिनं तुमच्याकडे बघून उचकी दिली. तुम्ही म्हणालात, ‘उजवा कान.’ मी उजवा कान दाखवला. ‘डावा.’ मी डावा दाखवला. मागच्या बाईनं लगेच आपल्या बाळाचे कान पदरानं पुसायला घेतले. मग तुम्ही पट्टीनं हिच्या तळपायाला हळूच टोचून पाहिलंत, हिनं पाय आखडला, आणि तुम्ही काहीतरी टिपून घेतल्यासारखं केलंत. पण दारावरचे शिपाईकाका नंतर म्हणाले, कागद कोरा होता.

आणि शेरा काय? ‘बालक पाहिले. टोपी कानावर ओढावी. वडिलांस समक्ष आणावे.’

मी बाहेर पायऱ्यांवर बसून रडले. म्हटलं, हे काही संपायचं नाही, आता वडील आणा, मग म्हणतील घरमालक आणा. तुमचे शिपाईकाका, ते पांढऱ्या भुवयांचे, बिडीला बाहेर आले होते. त्यांनी फॉर्म मागून घेतला. वाचला. म्हणाले, ‘ताई, मी अठ्ठावीस वर्षं या दारात उभा आहे. बाळ आणायचा नियम नाही. बाप आणायचा नियम नाही. आणि टोपीचा नियम तर देवाच्या दारातसुद्धा नाही.’

मी म्हटलं, ‘मग बाई असं का करतात?’

ते म्हणाले, ‘वेडी का काय तू? फॉर्मवर बापाचं नाव कुणाचं? आडनाव कुणाचं? पत्ता कुणाचा? पहिल्या दिवशी तुझा फॉर्म हातात आला आणि बाईंनी मला पाणी मागितलं. अठ्ठावीस वर्षांत बाईंनी पाणी मागितलं नव्हतं, घरून आणतात.’

आई, मी माझ्या हातानं ते नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, घर नंबर लिहिला, आणि मग पदर पुढे ओढून उभी राहिले, तुम्ही ओळखू नये म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि पत्रातलं अक्षर आणि फॉर्मातलं अक्षर एकच, हे पण आत्ता लिहिता लिहिता सुचतंय.

म्हणजे तुम्ही दरवेळी मला ओळखत होतात. मग बोलला का नाहीत? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?

माफ करा. घाबरले की मी असं बोलते.

आता यांना कसं आणू? हे म्हणतील, बघ, बोलावलं शेवटी, पण शेरा मारून. एक तारखेला तेरा दिवस राहिले.

तुमची सून (खरी)

मंगळवार, २५ तारीख

आई,

सहा दिवस फॉर्म पिठाच्या डब्याखाली ठेवला होता. हिंमत होईना. आज यांनी डबा उचलला आणि सापडला.

आधी आवाज चढवला. ‘मला न सांगता तिकडे गेलीस? दुसरं ऑफिस नव्हतं?’ मी म्हटलं, आपल्या भागाचं तेच आहे, आणि बाळाला तुम्ही नाव देत नाही, तुमची आई देत नाही, मुकादमबाई खाट देत नाही, मी काय हिला बटणाच्या डब्यात ठेवू? मी यांच्यावर पहिल्यांदाच ओरडले. ही घाबरली नाही, हसली. पहिल्यांदाच मोठ्यानं हसली. आम्ही दोघं भांडण विसरून ती परत हसते का बघत बसलो. नाही हसली.

मग यांनी शेरे वाचले. पहिला वाचला, दुसरा वाचला, ‘आजी ठरवणार’ला नाकातून आवाज केला. तिसरा परत वाचला. ‘हे तिनं लिहिलं? टोपी कानावर ओढावी?’ मी म्हटलं, तुमच्या आईचं अक्षर तुम्हालाच ठाऊक. यांनी हिची टोपी घेतली, कानावर ओढली, पुन्हा ओढली, एवढी की डोळे झाकले गेले. मग म्हणाले, ‘मी शाळेला निघालो की जिन्यावरून रोज हेच ओरडायची. उन्हाळ्यातसुद्धा.’

शुक्रवारी दुकान बंद ठेवून येतो म्हणालेत. पण आधीच सांगून ठेवते, म्हणाले, ‘नियम आहे म्हणून जातोय. वाकायला नाही.’ नियम नाही हे मी सांगितलेलं नाही. तुम्ही पण सांगू नका.

तुमची सून

शनिवार, २९ तारीख

आई,

काल तुमच्यासमोर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण घरी आल्यापासून हे वेगळंच सांगताहेत आणि शिपाईकाकांकडून कळलं की तुम्ही तिसरंच सांगताय. मी कडेला उभी होते, मला दोन्ही बाजू दिसत होत्या. तेव्हा मी सांगते ते खरं.

हे खिडकीपुढे ताठ उभे राहिले. तुम्हाला त्यांच्या शर्टाची बटणं दिसत असतील तेवढीच. वरून काचेलाच म्हणाले, ‘मी बालकाचा वडील.’

तुम्ही खाली बघून म्हणालात, ‘आवाज येत नाही. खाली बोला.’

हे मोठ्यांदा म्हणाले, ‘मला वरूनच बोलता येतं.’

‘मला खालूनच ऐकू येतं.’

‘दोन वर्षं वरून खालून कुठूनच ऐकू येत नव्हतं!’

‘हे कार्यालय आहे. घरगुती तक्रारी घेत नाही.’

मागून एकजण ओरडला, ‘अहो, वाका की! आमचं पोर शाळेत जायचं झालं इथं उभं राहून!’ दुसरी म्हणाली, ‘बाई, तुम्ही तरी उठा जरा!’ हे वाकेनात, तुम्ही उठेनात. माझ्या डोळ्यापुढे मुकादमबाई आणि दुसरीच्या हातात गेलेलं माझं मशीन. मी हिला उचलून भोकाजवळ धरलं, की बघू कुणाला तरी लाज वाटते का. तर हिनं पाय झाडला आणि मोजा सटकन आत गेला. तोच मोजा. तुमच्या टेबलावरून घसरून खाली पडला.

तुम्ही पट्टी शोधलीत. पट्टी सापडेना. (शिपाईकाकांनी ती पाठीमागे धरली होती, मी बघितलं.) मग तुम्ही खुर्ची मागे सारून टेबलाखाली गेलात. आणि वर येताना तुमचं डोकं टेबलाला बसलं, ठाण्णकन! काच हलली.

आणि हे वाकले. नुसते वाकले नाहीत, डोकंच भोकात घातलं. ‘आई! लागलं का?’

तेवढ्यात तुम्ही टेबलाखालून वर येत होतात, मोजा हातात, चष्मा वाकडा, त्या भोकाएवढ्याच उंचीवर. नाकाला नाक लागायचं तेवढं राहिलं. तुम्ही म्हणालात, ‘किती वाळलायस रे.’

हेच झालं. तुम्ही सांगताय की तुम्ही मोज्यासाठी वाकलात, त्याला वाकणं म्हणत नाहीत. हे सांगताहेत की आवाज झाला म्हणून कुलूपवाल्याच्या सवयीनं भोकात बघितलं, त्याला वाकणं म्हणत नाहीत. दोघांनी सांभाळा आपापलं. यांचं डोकं परत बाहेर निघेना आणि शिपाईकाकांनी कान दाबून धरून काढलं, ते मी कुणाला सांगितलं नाही. रांगेतल्या तीस माणसांनी सांगितलं असेल.

मग तुम्ही चष्मा सरळ केलात, लाल पेन ठेवून निळं घेतलंत आणि म्हणालात, ‘बालकाचे नाव?’

हे म्हणाले, ‘तूच सांग.’

‘नियमात बसत नाही. नाव आईबापानं सांगायचं. कारकुनानं नाही.’

म्हटलं, झालं, आता चौथा शेरा. पण तुम्ही खणातून फाइलच्या दोरीनं बांधलेला गठ्ठा काढलात. माझी पत्रं. सगळी, तारखेनं लावलेली, आवक नंबर टाकलेली! पहिल्या पत्राच्या तळाशी बोट ठेवून ते काचेला लावलंत आणि मला म्हणालात, ‘हे तुझंच अक्षर ना?’

मी मान हलवली.

‘मग वाच. मोठ्यानं. आईनं सांगितलं असं झालं पाहिजे.’

मी वाचलं, ‘तुमची खुशाली कळवा.’

‘दुसरा शब्द.’

‘खुशाली.’

तुम्ही यांच्याकडे बघितलंत. ‘आपल्यात नाव नमस्काराचं ठेवतात. हाही नमस्कारच आहे. फक्त याला कुणाला वाकावं लागत नाही. चालेल?’

हे म्हणाले, ‘हाक मारली तर हेडमास्तर मान हलवणार नाहीत ना?’

‘हलवली तर मला सांग.’

आणि शिक्का. मला वाटलं काच फुटते. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात, ‘शांतता. पुढचा.’ आणि परत मान खाली. मोजा मात्र दिला नाहीत. मी मागितलाही नाही.

आज सकाळी मुकादमबाईला दाखला दाखवला. तिनं दोनदा वाचला, खिडकीच्या उजेडात धरला, आणि खिडकीजवळची सात नंबरची खाट लिहून घेतली. तिथं माझं मशीन दिसतं. मंगळवारी एक तारीख. मी घाबरले आहे, पण या वेळी घाबरून रडले नाही.

यांनी सकाळी मिशी उतरवली. मी म्हटलं, आईंनी पत्राला उत्तर कुठं दिलं? तर म्हणाले, ‘शिक्का मारून दिलं, याहून पक्कं काय.’ पण खुशालीनं बिनमिशीचा बाप बघितला आणि जी किंचाळायला लागली, ती टेलरमावशीकडे गेल्यावरच थांबली.

हे पत्र शिपाईकाकांच्या हाती देते, ते आमच्या गल्लीवरूनच घरी जातात. उद्या रविवारी आम्ही तिघं येतोय. तुमच्या दाराची चौकट ठेंगणी आहे म्हणे. आत येताना मान खाली जाईल ती चौकटीसाठी, असं तुम्हाला आधीच कळवायला यांनी सांगितलंय. तुम्ही काही बोलू नका, एवढं माझ्यासाठी करा.

टोप्या कानावर ओढून आणते. दोघांच्याही.

तुमची सून